पडदा ठणठणीत, तरी ऐकू कमी येतंय? कानाचा सीटी स्कॅन नीट कसा करून घ्यायचा

माझ्या मावशीला दुसऱ्या बाळंतपणानंतर ऐकू कमी यायला लागलं, आणि गंमत म्हणजे मिक्सर चालू असताना किंवा एसटीत तिला उलट बरं ऐकू यायचं, त्यामुळे घरचे म्हणायचे हिला मुद्दाम ऐकायचं नसतं. ईएनटीने कानात बघितलं तर मळ नाही, पडदा छान. अशा वेळी शंका घ्यायची ती ओटोस्क्लेरोसिसची.

कानात तीन हाडं, हातोडी, ऐरण, रिकीब. रिकीब सगळ्यात छोटं, जेमतेम ३ मिमी, आतल्या कानाच्या खिडकीत बसून आवाजाबरोबर हलत असतं. ह्या आजारात खिडकीच्या पुढच्या कडेला आधी स्पंजसारखं हाड तयार होतं, मग ते कडक होतं आणि रिकीब जाम, पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं ना तसंच.

थेट सीटीला पळू नका. आधी ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची तपासणी, तिचा ग्राफ म्हणजे ऑडिओग्राम) आणि टिम्पॅनोमेट्री (हवेच्या दाबाने पडदा किती हलतो ते बघणं). ग्राफमध्ये हवेची रेघ (हेडफोनमधून ऐकलेलं) आणि हाडाची रेघ (कानामागच्या हाडावर कंपन देऊन ऐकलेलं) यात अंतर दिसतं, बऱ्याचदा हाडाची रेघ २००० हर्ट्झला खाली जाते, आणि मोठ्या आवाजाला कानातला स्नायू जो प्रतिसाद देतो तो येत नाही. एवढं जुळलं तर मग सीटी.

इथे आम्ही माती खाल्ली. चिठ्ठीवर नुसतं सीटी लिहिलेलं, सेंटरवाल्याने डोक्याचा साधा सीटी काढला, ५ मिमीच्या जाड स्लाइस, आता ३ मिमीच्या हाडाचं त्यात काय दिसणार, रिपोर्ट नॉर्मल आणि पैसे दोनदा गेले. म्हणून चिठ्ठीवर हे लिहून घ्या: एचआरसीटी (बारीक तपशील दाखवणारा सीटी) टेम्पोरल बोन (कानाभोवतीचं हाड), दोन्ही कान, ०.५ ते ०.६ मिमी स्लाइस, ओटोस्क्लेरोसिसची शंका. शंका लिहिणं फार महत्त्वाचं कारण ह्या आजाराचा हाडातला डाग इतका बारीक असतो की शोधायला सांगितलं नाही तर नजरेतून सुटतो. ह्या शंकेसाठी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. सोबत ऑडिओग्रामची झेरॉक्स द्या.

जाताना कानातलं, क्लिपा, कानाचं मशीन सगळं काढायचं. दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल तरी आधीच सांगा. काम काही मिनिटांचं, फक्त डोकं अजिबात हलवू नका, हललं की सगळं धूसर.

आता रिपोर्ट. आतल्या कानाभोवतीचं हाड सीटीवर पांढरंशुभ्र दिसतं, त्यात खिडकीच्या अगदी पुढे काळपट डाग असेल तर तो फेनेस्ट्रल प्रकार. कॉक्लियाच्या म्हणजे शंखाच्या भोवती काळपट कडं असेल तर रेट्रोफेनेस्ट्रल, यात नसेचं ऐकणंही कमी झालेलं असू शकतं आणि मग रिकीबच्या ऑपरेशनने (जाम रिकीबच्या जागी कृत्रिम तुकडा बसवतात) सगळं परत येत नाही. गोल खिडकी (आतल्या कानाची दुसरी खिडकी) बंद झालीय का, चेहऱ्याची नस रिकीबवर लोंबतेय का, हेही ऑपरेशन करणाऱ्याला आधी कळलेलं बरं. अजून एक, आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाडाचं छप्पर उघडं असलं तरी ऑडिओग्राम हुबेहूब असाच येऊ शकतो, पण त्यात स्नायूचा प्रतिसाद सहसा शाबूत असतो, आणि रिकीब बदलून काडीचा फायदा नाही. खरं सांगायचं तर माझ्या मते सीटीचा मोठा उपयोग हाच, चुकीचं ऑपरेशन टळतं.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं धरून बसू नका. डाग जुना होऊन कडक झाला की आजूबाजूच्या हाडासारखाच पांढरा दिसतो, सीटीत वेगळा कळत नाही. मावशीच्या उजव्या कानाचं असंच झालं, डावीकडे डाग स्पष्ट, उजवीकडे काहीच नाही, पण ऑडिओग्राम दोन्हीकडे सारखाच. उजव्या कानाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सुईने हलवून बघितलं, रिकीब तिथेही घट्ट बसलेलं.

निघताना फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, फिल्मवर सगळ्या स्लाइस छापत नाहीत आणि सर्जनला त्याच हव्या असतात.