गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा

बॉडीबिल्डर आणि गाडीचे एकत्र फोटो काढायच्या माझ्या पहिल्या शूटला माझं सगळं लक्ष त्या मुलाच्या शरीराकडे होतं. भर दुपार, काळी चकचकीत स्पोर्ट्स कार आणि शेजारी उघड्या अंगाचा बॉडीबिल्डर. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसलं. घरी मोठ्या पडद्यावर उघडून बघतो तर गाडीच्या दारात मीच! पांढरा टी-शर्ट, वाकलेली पाठ, मागे पाण्याच्या बाटल्या. तेव्हापासून शूटला काळे कपडे.

या कामात नव्याने येणाऱ्यांची गफलत इथेच होते. फ्रेममध्ये दोन नायक असतात आणि दोघांना वेगवेगळा उजेड लागतो. स्नायूंना बाजूने येणारा कडक उजेड हवा. सावली पडली तरच कट्स, म्हणजे स्नायूंमधल्या रेघा, दिसतात; समोरून सपाट फ्लॅश मारलात तर त्याचं अनेक महिन्यांचं डाएट तुम्ही एका क्लिकमध्ये पुसलंत. गाडीचं उलटं. तिचा पत्रा आजूबाजूचंच दाखवतो, म्हणून तिला वर मोठं, मोकळं, एकसारखं आकाश लागतं.

मी वेळ वाटून घेतो. सूर्य मावळण्याआधीचा तास शरीराचा, ऊन एका बाजूने तिरकं घेऊन. सूर्य गेल्यावरची पंधरा-वीस मिनिटं गाडीची: आकाशाची मऊ पट्टी तिच्या अंगावरून सरकते, हेडलाइट लावता येतात, आणि माणसाला कडेने एक फ्लॅश पुरतो. त्यात पार्श्वभूमी उजळ असेल तर शटरचा वेग १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या वर न्यायचा मोह होतो. साध्या फ्लॅशने मग फ्रेमच्या कडेला काळी पट्टी येते. हायस्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरशी जुळणारी फ्लॅशची सोय, वापरता येतं, पण त्यात फ्लॅशचा जोर बराच कमी होतो.

पोलरायझर, म्हणजे चमक घालवणारा, लेन्सवर फिरवायचा फिल्टर, घ्याच. तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि काचेवरची चमक घालवायला फिरवला की बॉनेटवरची परत येते. म्हणून ट्रायपॉड न हलवता दोन फ्रेम घ्यायच्या आणि नंतर जोडायच्या. लेन्स ८५ मिमीच्या आसपास. चोवीसने जवळून काढलं तर पुढचा हात हत्तीच्या पायाएवढा आणि डोकं लिंबाएवढं.

आणखी एक अडचण उंचीची. फोर्ड जीटी४० च्या नावातला चाळीसचा आकडा तिच्या उंचीवरून आला, चाळीस इंच, म्हणजे जेमतेम एक मीटर. अशा गाडीशेजारी सहा फुटी माणूस सरळ उभा केला की ती खेळणं वाटते. त्याला दाराला टेकवा, चाकाजवळ एका गुडघ्यावर बसवा. स्टेजवरच्या पोझ इथे विनोदी दिसतात, हे त्याला आधीच सांगा, वाईट वाटलं तरी. पुढची चाकं थोडी वळवून ठेवा. कॅमेऱ्याला रिम दिसली पाहिजे, टायरची नक्षी नव्हे. बॉनेटवर बसवणं मात्र विसरा. पत्रा पातळ असतो, पँटच्या बटणाने रंगावर ओरखडा उठतो, आणि नुकतीच चालवलेली गाडी असेल तर बूडही भाजतं.

तेलाचं मी स्वतः भोगलंय. अंगाला लावलेलं तेल आणि टॅनचा रंग गाडीमालकाच्या फिकट सीटवर उमटलं. त्या दिवसाची माझी कमाई सफाईत गेली. आता गाडीतले फोटो आधी, कोरड्या अंगाने. तेल शेवटी, तेही थोडं. घामाचा आभास हवा असेल तर पाण्याचा फवारा बरा.

पंप, म्हणजे व्यायामाने स्नायूंना आलेली तात्पुरती फुगवटी, फार टिकत नाही. रबर बँड आणि पुशअप्स दहा मिनिटं, तेही लाइट लावून झाल्यावरच. नाहीतर तुम्ही स्टँड लावत बसता आणि तो ढिला पडत जातो. काही मुलं शूटच्या आदल्या दिवसापासून पाणी पिणं तोडून येतात. त्यांना मी उन्हात उभं करत नाही. स्नायूत साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं; पाणी तोडलं की स्नायू भरलेले दिसण्याऐवजी बसके दिसू लागतात. आणि धोका वेगळाच. मोहम्मद बेनाझिझा हा नावाजलेला व्यावसायिक बॉडीबिल्डर १९९२ मध्ये स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांत गेला, आणि शरीरातलं पाणी काढण्याशी त्याचा मृत्यू जोडला गेला. फोटोसाठी एवढं कुणी करू नये, आणि फोटोग्राफरने तर मुळीच मागू नये.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी मोबाइलवर तिचे फोटो काढा. परत देताना मालकासोबत तेच फोटो उघडून गाडीभोवती एक फेरी मारा. माझ्यावर एकदा जुना ओरखडा चिकटवला जात होता, तेव्हा त्या फोटोंनीच वाचवलं.