दिवाळी अंकाला दोनच रकाने

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाची मांडणी यंदा माझ्याकडे आली. आधी वर्तमानपत्रासारखे तीन रकाने असायचे. ए-फोर पानाची रुंदी २१० मिमी. दोन्ही बाजूंना वीस-वीस मिमी समास सोडला की उरतात १७०. रकान्यांमधल्या मोकळ्या जागा सोडून त्याचे तीन भाग केले तर रकाना जेमतेम ५२-५३ मिमीचा होतो. त्यात ‘नागरिकांसाठीच्या’सारखा शब्द आला की निम्मी ओळ खाऊन टाकतो, आणि दोन्ही कडा सरळ ठेवल्या की शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

म्हणून लिबरऑफिस या सॉफ्टवेअरमध्ये दोन रकाने घेतले, मधे आठ मिमी मोकळे. प्रत्येकाला ८१ मिमी मिळाले. उजवी कड सरळ करायची नाही असं ठरवलं, भगदाडं गेली. ओळींमधलं अंतरही वाढवलं, कारण वरच्या ‘पृ’चा ऋकार खालच्या ‘र्की’च्या रफाराला टेकत होता.

कविता मात्र पानभर, एकाच रकान्यात. कवीने ओळ जिथे तोडली तिथेच ती तुटली पाहिजे, यावर मी ठाम आहे.

छोट्या जाहिरातींना तीन रकाने तसेच ठेवले. तिथला मजकूर तुटक असतो, चालतं.