आधी छत्र्या, मग पाटी

गोव्यात जूनची शाळा म्हणजे मुलांआधी पाऊसच वर्गात शिरतो. म्हणून पहिलीच्या टीचरने पहिल्या दिवशी पाटीआधी छत्र्यांचं बघावं. दाराबाहेर प्रत्येकाचा खिळा ठरवा, वर नाव आणि चित्र चिकटवा: कुणाला खेकडा, कुणाला फणस, कुणाला होडी. कागदावर रुंद चिकटपट्टी मारा, नाहीतर दमटपणाने आठवड्यात सुटतो. वाचता येत नसलं तरी आपला खेकडा कोणी विसरत नाही! दोनेक आठवड्यांनी चित्र झाका, नाव उघडं ठेवा.

आणि हो, घरी कोंकणी बोलणारं पोर ‘टीचर, म्हाका उदक जाय’ म्हणालं, तर ‘पाणी म्हण’ असं दटावू नका. आधी प्यायला सोडा. शब्द काय, गणपतीच्या चवथीपर्यंत येतातच.