भेंडीचं बी भिजवा, वाळवा आणि मगच टोका

मृगाचा एक बरा पाऊस होतो, वाफसा येतो, म्हणजे माती पेरण्याजोगी ओलसर होते, आपण भेंडी टोकतो, म्हणजे एकेक बी मातीत खोचतो, आणि नेमका तिथून पाऊस ताण देतो. माण, आटपाडी, आष्टी, पाटोदा या कमी पावसाच्या भागांत हे नेहमीचंच. वरची दोन बोटं माती बघता बघता सुकते. भेंडीच्या बियाचं साल टणक, ते पाणी सावकाश ओढतं. कोंब निघायच्या बेतात येतो तोवर ओल खाली गेलेली असते. मग ओळीत तुटाळ पडते आणि नांगे भरण्यात, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकण्यात, बियाणं, मजुरी नि दिवस जातात.

यावर घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय आहे. बी पाण्यात टाकलं की आधी भराभर पाणी पितं. मग काही काळ बाहेरून काहीच होताना दिसत नाही, पण आत उगवणीची सगळी तयारी चालू असते. त्यानंतर मूळ बाहेर येतं. मूळ यायच्या आत बी पाण्यातून काढून पुन्हा वाळवलं तर झालेली तयारी बरीचशी टिकते. असं बी जमिनीत पडल्यावर लवकर आणि एकसारखं उगवतं, आणि वरची माती सुकण्याआधी मूळ खालच्या ओलीला लागतं. भिजवतात पुष्कळ जण. वाळवायचं मात्र राहून जातं, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

सुरुवात बियाणं पाहून करा. पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर त्याला औषध लावलेलं आहे. ते भिजवायचं नाही. औषध धुऊन जातं आणि ते पाणी विषारी होतं. असं उरलेलं बी कोंबड्यांपुढेही टाकू नका. ही पद्धत घरच्या, औषध न लावलेल्या बियांसाठी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाची असल्याने तिचं बी घरी धरता येतं. संकरित वाणाचं मात्र धरू नये.

एकरी साधारण 3 ते 4 किलो बी लागतं. त्यातलं 100 ग्रॅम वजन करून वेगळ्या पुरचुंडीत बांधा. ही पुरचुंडी पुढे कामाला येईल. बियांच्या दुप्पट साधं स्वच्छ पाणी घ्या, बी आणि पुरचुंडी त्यात टाका, ढवळा. ढवळूनही वर तरंगणारं पोचट बी काढून टाका. 8 ते 12 तास पुरेत, म्हणजे संध्याकाळी टाकलं तर सकाळी काढायचं. जास्त वेळ ठेवलं तर बियाला हवा मिळत नाही, पाण्याला वास येतो आणि बी गुदमरतं. एखाद्या बियातून पांढरं टोक डोकावताना दिसलं तर उशीर झाला असं समजा. ते बी वाळवलं की मरतं. ओल असेल तर लगेच टोकून टाका.

आता वाळवणं. बी निथळून सुती कापडावर सावलीत, हवेशीर जागी एकेरी थरात पसरा. ऊन नको, तापलेली फरशी किंवा पत्रा नको. तासा-दोन तासांनी हात फिरवा. वरून कोरडं दिसलं म्हणजे वाळलं असं होत नाही, कारण आत पाणी असतंच. पुरचुंडीतलं बी शेजारीच पसरा आणि मधूनमधून तोला. ते पुन्हा 100 ग्रॅमच्या आसपास आलं की काम झालं. पावसाळी हवेत याला एक-दोन दिवस लागतात. घाई करू नका.

एवढी खटपट कशाला? ओलं बी तुम्हाला थांबू देत नाही. पावसाने हुलकावणी दिली तर ते सडतं, नाहीतर अर्धवट ओलीत कोंब काढून करपतं. वाळवलेलं बी दोन-चार दिवस वाट पाहू शकतं आणि टोकताना हाताला चिकटत नाही. पुढच्या हंगामासाठी मात्र ते ठेवू नका, आणि धूळपेरणीला, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरायलाही, वापरू नका. वाफसा असतानाच 2 ते 3 सेंटीमीटर खोल टोका.

टोकायच्या दिवशी, गुळाच्या पाण्याचा हलका हात देऊन, किलोला 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगांना अटकाव करणारी उपयोगी बुरशी) आणि 25 ग्रॅम अ‍ॅझोटोबॅक्टर (नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) चोळा. अर्धा तास सावलीत ठेवून त्याच दिवशी टोका. सोबत रासायनिक बुरशीनाशक नको, ते ट्रायकोडर्माची जिवंत बुरशीच मारतं.

कोरडवाहू ज्वारीसाठी तामिळनाडू कृषी विद्यापीठाने 2 टक्के पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या द्रावणात 6 तास भिजवून वाळवायची शिफारस केली आहे. ज्वारीचं हे प्रमाण भेंडीला लावू नका. साध्या पाण्याने काम भागतं. हेही लक्षात ठेवा की हा उपाय रोप उभं राहीपर्यंतचा आहे. फुलं-फळं लागताना ताण पडला तर पाणी किंवा आच्छादनच लागेल.

इतर भाज्यांत कारलं, दोडका यांचं साल जाड, त्यांना 24 तास लागतात. धने आधी रगडून दोन फाकी करा आणि मग रात्रभर भिजवा. घेवडा, वाटाणा मात्र असे बुडवून ठेवू नका: त्यांचं बी भसाभसा पाणी पितं, आतली डाळ तडकते आणि उगवण उलट घटते.