स्प्रिंगा बदलूनही गाडी दणके देतेय? मग या चुका झाल्यात का बघा

आमची स्विफ्ट 2008 ची, पेट्रोल, नंतर डिकीत सीएनजीचं सिलेंडर बसवलेलं. मागून एवढी बसली होती की घरची पाच माणसं घेऊन चिपळूणहून कराडला निघालो की कुंभार्ली घाटात दर खड्ड्याला मागून धाडकन आवाज आणि मागच्या सीटवरून आईचं "हळू रे बाबा" ठरलेलं. शेवटी चारी स्प्रिंगा बदलल्या, पण सरळ एका झटक्यात नाही, मधे बऱ्याच चुका केल्या, काही माझ्या काही गॅरेजवाल्याच्या, त्या सांगतो म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील.

पहिली चूक म्हणजे गाडी दणके देते म्हणून थेट स्प्रिंगेवर खापर फोडायचं. आधी टायरची हवा बघा. पेट्रोल पंपावरचा पोरगा सांगितलं नाही तर डोळे झाकून 35 मारतो, आणि मग नवी गाडीसुद्धा बैलगाडी वाटते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किती भरायची ते लिहिलेलं असतं, तेवढीच भरा आणि दोन दिवस चालवून बघा. मग बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन दाबा आणि सोडा, गाडी वर येऊन जागेवर थांबली तर शॉकअप ठीक, दोन-तीन वेळा झुलत राहिली तर शॉकअप गेलेत, तिथे स्प्रिंग बदलून काही होणार नाही. आणि खडबडीत रस्त्यावर नुसता खडखड आवाज येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) असतात, ते स्प्रिंगेच्या मानाने किरकोळ काम आहे.

स्प्रिंग बसलीय का हे नजरेने ठरवू नका, टेप घ्या. सपाट फरशीवर गाडी रिकामी उभी करायची आणि चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजायचं, डावं-उजवं दोन्ही. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मधे येते म्हणून मध्यापासून. माझ्याकडे मागे डाव्या-उजव्यात 18 मिलिमीटरचा फरक निघाला. गाडीखाली टॉर्च घेऊन गेलो तर डाव्या स्प्रिंगेचा खालचा अर्धा वेढा तुटून सीटमधेच, म्हणजे स्प्रिंग जिथे टेकते त्या वाटीत, पडलेला, गंजून. आमच्याकडचा पाऊस आणि खारी हवा, वरचा रंग एकदा उडाला की तिथूनच गंज धरतो.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बसलेली स्प्रिंग काही मऊ पडत नाही, तार तीच, पोलाद तेच, फक्त उंची कमी होते. त्यामुळे चाकाला वर सरकायला जागाच उरत नाही आणि लगेच रबरी बंप स्टॉपरवर आपटतं, तो धाडकन आवाज त्याचा. त्यात सीएनजीचं सिलेंडर धरून साठ-सत्तर किलो कायमचे मागे बसलेले. म्हणून नवीन स्प्रिंग टाकताना स्टॉपर जुनाच, चुरा झालेला ठेवू नका.

ॲक्सेसरीच्या दुकानात वेढ्यांच्या मधे अडकवायचे रबरी बफर मिळतात, "गाडी उचलली जाईल साहेब" म्हणून. मी पण लावले. उचलली खरी, पण ज्या वेढ्यात रबर अडकलं तो कामच करत नाही, म्हणजे उरलेली स्प्रिंग कडक होते, आणि एकटा चालवताना पाठीचे मणके मोजून घ्यावेत अशी अवस्था. दोन महिन्यांत काढून टाकले. ट्रकचे पाटे कमानवाला तापवून पुन्हा वळवून देतो म्हणून गाडीची गोल स्प्रिंग पण तशी तापवून ताणून घेतलेले लोक मी बघितलेत, असलं काही करू नका, तापवली की तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कस, जातं आणि महिनाभरात परत बसते, नाहीतर तुटते.

खरेदी करताना नुसतं "स्विफ्टची द्या" म्हणू नका. डिझेलचं इंजिन जड, त्याच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या, त्या पेट्रोलला टाकल्या तर नाक वर करून चालते. मॉडेल, साल, इंजिन सांगून घ्या आणि जुनी नवी शेजारी उभी करून तारेची जाडी, वेढे बघा. आणि जोडीनेच बदला, एक नवी एक जुनी केली तर गाडी एका अंगाला कलते.

आता फिटिंग, आणि माझं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं. मागचं काम सोपं आहे, मागे स्प्रिंग वेगळी शॉकअप वेगळा, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या बीमखाली ट्रॉली जॅक, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि बीम हळूहळू खाली सोडला की स्प्रिंग हाताने निघते, फक्त ब्रेकचा होज ताणला जात नाही ना बघायचं. पुढे मात्र स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याच्यावरच स्प्रिंग दाबून बसवलेली. स्प्रिंग दाबून धरायचा कंप्रेसर लावल्याशिवाय वरचा नट सैल करणं म्हणजे तोंडावर तोफ धरणं, घरी हा प्रयोग नकोच. पण गॅरेजमधेही उभे राहून बघा. माझ्या वेळी नटाबरोबर शॉकअपचा रॉडच फिरायला लागला तर पोऱ्याने सरळ त्या चकचकीत रॉडला पकडीने आवळून धरलं. मी चहा पीत होतो, बोललो नाही. त्या रॉडवर दातांचे ओरखडे पडले, रॉड वरखाली होताना ते ओरखडे ऑइल सील खातात, आणि तीन आठवड्यांत त्या बाजूचा स्ट्रट तेलाने माखलेला, शॉकअप पुन्हा घ्यावा लागला. रॉडचं टोक वरूनच धरून नट सोडवायचा असतो, खालच्या गुळगुळीत भागाला काहीही लागता कामा नये.

स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंट आणि बेअरिंग बदलून टाका, मजुरी तीच. आणि स्प्रिंगेचं टोक खालच्या सीटमधल्या खाचेला टेकलंय का बघा, नसेल तर स्टेअरिंग वळवलं की टंग्‌कन उडी मारते.

फिटिंगमधली दुसरी चूक जवळपास सगळीकडे होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळतायत आणि तसेच बुशचे बोल्ट कडक आवळायचे. बुशातलं रबर त्या लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली उतरवली की पिळवटून बसतं, मग गाडी कडक वाटते आणि रबर लवकर फाटतं, आणि लोक म्हणतात नवीन स्प्रिंगा फालतू निघाल्या. बोल्ट आधी नुसते हाताने लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी हलवायची आणि मग फायनल टाइट.

स्ट्रट खालून ज्या दोन बोल्टांनी धरलेला असतो तिथे उघडण्याआधी मार्करने खूण करा, तरीही नंतर चाकांची अलाइनमेंट लागतेच. मी मात्र लगेच केली नाही, चार-पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा टेप लावली, नवी स्प्रिंग थोडी बसतेच, मग केली. तोवर स्टेअरिंग जरा डावीकडे ओढत होतं, चाललं. आणि हो, मागून गाडी उचलली गेली की हेडलाइट खाली पडतो, घाटात रात्री अचानक पुढचं कमी दिसायला लागलं तेव्हा कळलं, भिंतीसमोर उभी करून तो पण सेट करून घ्या.