जुन्या मराठी पुस्तकांसाठी टेसरॅक्ट सोर्सवरून बसवायचंय? मग कॉन्फिगरवर वेळ घाला

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा या बाजूच्या मराठी घरांमध्ये अजूनही कपाटं भरून जुनी पुस्तकं आहेत, सयाजीराव महाराजांच्या काळातली, इथेच छापलेली, पानं पिवळी पडलेली आणि दर पावसाळ्यात आणखी थोडी ठिसूळ होणारी. हल्ली पुष्कळ लोक ती मोबाइलने स्कॅन करतायत, फार चांगली गोष्ट आहे, पण फोटो म्हणजे मजकूर नव्हे, त्यात शब्द शोधता येत नाही की कॉपी करता येत नाही. त्यासाठी ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर लागतं, आणि फुकटात, आपल्याच मशीनवर, नेट नसतानाही चालणारं ओसीआर म्हणजे टेसरॅक्ट. हे मूळ एचपी कंपनीत 1985 ते 1994 मध्ये तयार झालं, 2005 मध्ये ओपन सोर्स झालं, 2018 च्या चौथ्या व्हर्जनमध्ये न्यूरल नेटवर्कवालं इंजिन आलं आणि पाचवं व्हर्जन 2021 अखेरीस.

आधी हे बघा की सोर्सवरून, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड आणून आपल्याच मशीनवर कंपाइल करून, बसवायची तुम्हाला गरज आहे का. उबंटू 24.04 असेल तर ॲप्टमधूनच (उबंटूचं सॉफ्टवेअर बसवणारं साधन) 5.3.4 मिळतं, तेच घ्या आणि हा लेख सोडून द्या. उबंटू 22.04 असेल तर ॲप्ट 4.1.1 देतं, आणि पाचवं हवं असेल तर कंपाइल करणं हा सरळ मार्ग आहे. खालचं सगळं 22.04 धरून लिहिलंय, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबंटू टाकून हेच करावं. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

सामान गोळा करा. ॲप्टने हे सगळं एकदमच टाका: बिल्ड-एसेन्शियल, गिट, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह, पीकेजी-कॉन्फिग आणि लिबलेप्टोनिका-डेव्ह. "एरर येईल तेव्हा टाकू" हा सल्ला ऐकू नका, का ते पुढे येईलच.

सोर्स घ्या. गिटहबवरून क्लोन करा आणि मेन ब्रँचवर न थांबता शेवटच्या रिलीजच्या टॅगवर चेकआउट करा. मेनवर रोजचं काम चालू असतं, आपल्याला पुस्तकं वाचायचीत, टेस्टिंग नाही करायचं.

मग फोल्डरमध्ये जाऊन डॉट-स्लॅश-ऑटोजेन-डॉट-एसएच. ही पायरी लोक विसरतात आणि थेट डॉट-स्लॅश-कॉन्फिगर मारतात, मग "नो सच फाइल" आलं की घाबरतात. कॉन्फिगर नावाची फाइल सोर्ससोबत येतच नाही, ती ऑटोजेन तयार करतं.

आता कॉन्फिगर. ज्यांचं काम अडतं त्यातल्या बहुतेकांचं इथेच अडतं, मीही सुरुवातीला इथे बराच काळ झगडलोय, आणि यावर नेटवर जितका चुकीचा सल्ला पडलाय तितका बाकी कशावर नसेल. म्हणून इथे सावकाश.

कॉन्फिगर तुमच्या मशीनवर काय काय आहे ते तपासतं आणि त्यानुसार पुढच्या मेकची, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल करणाऱ्या कमांडची, आखणी करतं. स्क्रीनवर "चेकिंग फॉर" असं म्हणत शेकडो ओळी पळतात, शेवटी येस किंवा नो. लोक या ओळी बघतच नाहीत, प्रॉम्प्ट परत आला की झालं असं समजून पुढे जातात. पण त्या ओळींमध्येच सगळं असतं. एरर न येता कॉन्फिगर संपलं म्हणजे सगळं सापडलं असं अजिबात नाही, ज्या गोष्टी ऐच्छिक आहेत त्या सापडल्या नाहीत तर ते गुपचूप त्यांना वगळून पुढे जातं.

पहिली अडचण, जी सगळ्यात जास्त लोकांना येते: "सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन", आणि खाली पीकेजी-चेक-मॉड्यूल्स, लेप्टोनिका असं काहीतरी लिहिलेली ओळ. हे बघून वाटतं की सोर्सच खराब आहे. कोणी सांगतं जुनं व्हर्जन घे, कोणी सांगतं ती ओळ एडिट करून काढून टाक. कृपा करून यातलं काहीही करू नका. याचा अर्थ एवढाच की तुम्ही ऑटोजेन चालवलं तेव्हा मशीनवर पीकेजी-कॉन्फिग नव्हतं, त्यामुळे ती ओळ उलगडली न जाता जशीच्या तशी कॉन्फिगरमध्ये जाऊन पडली. आणि आता नीट वाचा, कारण अर्धी दुनिया इथे फसते: पीकेजी-कॉन्फिग टाकून नुसतं कॉन्फिगर परत चालवलं तर तीच एरर तशीच येणार, कारण बिघडलेली फाइल आधीच तयार होऊन बसलीय. पॅकेज टाकायचं, मग ऑटोजेन परत, मग कॉन्फिगर. सामान आधीच पूर्ण टाका असं म्हटलं ते यासाठी.

दुसरी अडचण: "लेप्टोनिका 1.74 ऑर हायर इज रिक्वायर्ड". लेप्टोनिका ही चित्र वाचणारी लायब्ररी, टेसरॅक्ट फोटो स्वतः उघडत नाही, तिच्याकडून उघडून घेतं. इथे लोक ठामपणे सांगतात, "अरे पण लेप्टोनिका तर आहे माझ्याकडे!" असेल, पण नुसती लायब्ररी असून चालत नाही. लायब्ररी ही तयार प्रोग्रॅम चालवण्यासाठी असते, आणि तिच्यावर काही नवीन बांधायचं असेल तर तिच्या हेडर (डॉट-एच) फाइल्स लागतात, त्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात ज्याच्या नावाच्या शेवटी डेव्ह असतं. डेबियन आणि उबंटूवर जवळजवळ प्रत्येक लायब्ररीचं असंच आहे, फेडोरावर डेव्हच्या जागी डेव्हल. ही एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की फक्त टेसरॅक्टच नाही, कुठलंही सॉफ्टवेअर सोर्सवरून बसवताना निम्मी कटकट संपते.

आणि आता माझं ठाम मत, यावर कोणाशीही वाद घालायला तयार आहे: लेप्टोनिका स्वतः कंपाइल करायच्या भानगडीत पडू नका. पुष्कळ गाईडमध्ये "आधी लेप्टोनिका सोर्सवरून बनवा" ही पहिली पायरी असते. 22.04 च्या ॲप्टमध्ये 1.82 आहे आणि टेसरॅक्टला 1.74 पुरते, मग कशाला? तोटा काय तर लेप्टोनिकाचं कॉन्फिगर पीएनजी, जेपेग, टिफच्या डेव्ह फाइल्स नसल्या तरी तक्रार न करता पार पडतं. मेक होतं, इन्स्टॉल होतं, टेसरॅक्टही त्यावर नीट बांधलं जातं, आणि शेवटी हौसेने पहिलं पान द्यावं तर "पिक्सरीडस्ट्रीमपीएनजी: फंक्शन नॉट प्रेझेंट". म्हणजे चित्र वाचणारी लायब्ररीच पीएनजी वाचू शकत नाही, आणि चूक झाली दोन तासांपूर्वी, दिसतेय आत्ता. ॲप्टच्या लेप्टोनिकात हे सगळे फॉरमॅट आधीच असतात.

कोणी आधीच स्वतःची लेप्टोनिका बनवून बसलं असेल आणि ती होम फोल्डरमध्ये वगैरे टाकली असेल तर कॉन्फिगरला ती दिसणारच नाही, पीकेजी-कॉन्फिग-पाथ या व्हेरिएबलमध्ये तिच्या पीकेजीकॉन्फिग फोल्डरचा पत्ता द्यावा लागेल. पण त्यापेक्षा ती काढून टाका आणि ॲप्टची घ्या.

तिसरी गोष्ट, कॉन्फिग-डॉट-लॉग वाचणं. एरर कळली नाही तर ही फाइल उघडायची हे सगळे सांगतात, पण कशी वाचायची ते कोणी सांगत नाही. लोक फाइलच्या अगदी तळाला जातात, तिथे व्हेरिएबल्सची लांबलचक यादी आणि डिफाइनच्या ओळी असतात, त्यात एरर नसतेच, मग म्हणतात लॉगमध्ये काहीच नाही. ती यादी कॉन्फिगर नेहमीच शेवटी ओतून जातं. तुम्ही स्क्रीनवर जी ओळ अडली तिचे शब्द त्या फाइलमध्ये सर्च करा, आणि त्याच्या लगेच खाली बघा, तिथे कंपायलरने खरं काय म्हटलं ते असतं, बहुतेक वेळा कुठलीशी डॉट-एच फाइल सापडली नाही किंवा "कॅनॉट फाइंड" आणि पुढे लायब्ररीचं नाव. त्या हेडरचं नाव हातात आलं की कुठलं डेव्ह पॅकेज हवं ते ॲप्ट-फाइल सर्चने सरळ सांगता येतं. लॉगची खालची ओळ कॉपी करून जगाला विचारत बसण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम आहे.

चौथी, आणि ही एरर नाहीच: शेवटी कॉन्फिगर म्हणतं की ट्रेनिंग टूल्स बनवता येणार नाहीत, आयसीयू, पॅंगो, कैरो या लायब्ररी नाहीत. येऊ दे. ती नवीन फॉन्ट शिकवणाऱ्यांसाठी आहेत, पानं वाचायला लागत नाहीत. हे बघून घाबरून दहा पॅकेजेस टाकणारे पाहिलेत.

कॉन्फिगर नीट झालं की मेक. मेक डॅश-जे आणि पुढे आकडा, रॅम 4 जीबी असेल तर 2 च्या वर जाऊ नका, नाहीतर कंपायलर मध्येच "किल्ड" म्हणून मरतो आणि लोक सोर्सला दोष देतात. सुडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) इथे लावायचा नाही, मेकला तो लागतच नाही. वडोदऱ्याच्या मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवून हे करू नका, एवढंच.

मग सुडो मेक इन्स्टॉल. आणि लगेच, न विसरता, सुडो एलडी-कॉन्फिग.

ही शेवटची कमांड चुकली की काय होतं ते सांगतो. आमच्या ओळखीतले एक काका, जुन्या नाटकांच्या प्रती टाइप करण्याऐवजी ओसीआर करायच्या मागे लागलेले, त्यांचा फोन आला: "अरे, हे म्हणतंय लिबटेसरॅक्ट-डॉट-एसओ-डॉट-5 नावाची फाइलच नाही, मी तर फोल्डरमध्ये समोर बघतोय!" म्हटलं, "काका, फाइल आहे, फक्त सिस्टिमच्या यादीत तिचं नाव चढलेलं नाही. एलडी-कॉन्फिग चालवा." चाललं. प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी कुठे आहे हे एका तयार यादीतून बघितलं जातं, आणि ती यादी ताजी करायचं काम एलडी-कॉन्फिगचं. उबंटूमध्ये युझर-लोकल-लिब (टाइप करताना युझरचं स्पेलिंग यूएसआर आणि मध्ये स्लॅश) हे फोल्डर त्या यादीत आधीपासून धरलेलं असतं, म्हणून एवढ्यावर भागतं. फेडोरावाल्यांना एलडी-डॉट-एसओ-डॉट-कॉन्फ-डॉट-डी मध्ये एक फाइल बनवून तो पत्ता द्यावा लागतो. लायब्ररी उचलून युझर-लिबमध्ये कॉपी करा असा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका, ते फोल्डर ॲप्टचं आहे, तिथे हाताने काही टाकायचं नाही.

आता टेसरॅक्ट डॅश-डॅश-व्हर्जन. पहिल्या ओळीत 5 हवं. अजून 4.1.1 दिसत असेल तर ॲप्टवालं जुनं आधीपासून आहे आणि टर्मिनलला त्याचा पत्ता पाठ आहे, हॅश डॅश-आर मारा किंवा नवीन टर्मिनल उघडा, आणि खरं तर जुनं काढूनच टाका. खालच्या ओळींमध्ये लेप्टोनिका आणि तिच्यापुढे लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ दिसायला हवं, ही ओळ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मराठीचा डेटा वेगळा आणावा लागतो, सोर्ससोबत येत नाही. फाइलचं नाव एमएआर-डॉट-ट्रेन्डडेटा, जागा युझर-लोकल-शेअर-टेसडेटा. तीन प्रकार मिळतात, जुन्या पुस्तकांसाठी टेसडेटा-बेस्टमधलीच घ्या, हळू चालते पण पुस्तक एकदाच वाचायचं असतं, घाई कसली. एक सापळा: गिटहबच्या यादीत फाइलच्या नावावर राइट क्लिक करून सेव्ह केलं तर फाइल नाही, तिचं वेबपेज उतरतं, नाव तेच असतं म्हणून कळत नाही. आत जाऊन डाउनलोडचं बटण दाबा आणि साइज बघा, काही एमबी हवी. टेसडेटा-प्रीफिक्स हे व्हेरिएबल जुन्या ट्युटोरियलमध्ये वरच्या फोल्डरला लावायला सांगतात, ते तिसऱ्या व्हर्जनसाठी होतं, आता थेट टेसडेटा फोल्डरचा पत्ता द्यायचा, आणि डिफॉल्ट जागी फाइल टाकली असेल तर ते व्हेरिएबल लावायचंच नाही.

वापर: टेसरॅक्ट, फोटोचं नाव, आउटपुटचं नाव, डॅश-एल एमएआर. इंग्रजी शब्द मध्ये असतील तर एमएआर प्लस ईएनजी, पण मग इंग्रजीची डेटा फाइलही टाका. स्कॅन 300 डीपीआयच्या आसपास ठेवा, पान सरळ धरा. जुन्या खिळ्यांच्या छपाईत "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला ऱ्या आणि पुसट अनुस्वार हमखास चुकतात, तेवढं नजरेखालून घालावंच लागतं.

सोर्सचा फोल्डर डिलीट करू नका. ॲप्टला या इन्स्टॉलची काहीच खबर नाही, काढायचं झालं तर त्याच फोल्डरमधून सुडो मेक अनइन्स्टॉल करावं लागेल. नवीन रिलीज आली की आधी जुनं असं काढा, मग नवीन टॅगवर जा आणि मेक क्लीन करून ऑटोजेनपासून परत सगळं चालवा, नुसत्या मेकवर भागवू नका.