वॉटचा माळा: जतन केलेल्या कार्यशाळेवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

जेम्स वॉट १८१९ साली बर्मिंगहॅमजवळ हीथफिल्डच्या घरी वारला. घराच्या माळ्यावरची त्याची कामाची खोली त्यानंतर जवळजवळ जशीच्या तशी बंद राहिली. १९२४ मध्ये ती दार, खिडकी, जमिनीच्या फळ्यांसकट लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलवली गेली. घर पुढे १९२७ मध्ये पाडलं. आत आठ हजारांवर वस्तू आहेत. जुन्या यंत्रांच्या जतनाचं काम शिकायचं असेल, तर अभ्यासाला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

पहिला गैरसमज आधी दूर करू. या खोलीत वाफेचं इंजिन शोधू नका. वेगळ्या कंडेन्सरची, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या स्वतंत्र भांड्याची, कल्पना वॉटला १७६५ मध्ये ग्लासगोत सुचली. ज्या न्यूकोमेन इंजिनाच्या (वॉटच्या आधीच्या वाफेच्या इंजिनाच्या) नमुन्याच्या दुरुस्तीतून ती निघाली, तो ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. वॉटची कागदपत्रं बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात. हा माळा १८०० साली धंद्यातून निवृत्त झालेल्या वॉटचा आहे, आणि तिथलं मुख्य काम म्हणजे पुतळ्यांच्या प्रती काढणारी दोन यंत्रं: एक मूळ आकाराची प्रत काढणारं, दुसरं लहान प्रत काढणारं.

लहान प्रतीच्या यंत्राचं तत्त्व नीट समजून घ्या, कारण नोंदणीची पद्धत त्यावरूनच ठरते. एक दांडा एका टोकाशी खिळलेला असतो. त्यावरची बोथट सुई मूळ पुतळ्यावरून फिरते आणि त्याच दांड्यावरचं फिरतं पातं कच्च्या तुकड्यावर चालतं. खिळीपासून सुई जितकी लांब, त्याच्या निम्म्या अंतरावर पातं असेल तर प्रत निम्मी निघते. पण तेवढ्याने भागत नाही. सुईचं टोक ४ मिमी जाडीचं असेल तर पातं २ मिमीचंच हवं. पातं झिजून बारीक झालं की माल कमी कापला जातो आणि नाक, ओठ जाड येतात. जास्त जाड असेल तर खोल खणतं. म्हणजे सुई आणि पातं ही जोडी आहे. खणात शेजारीशेजारी सापडलेली टोकं ‘सुया’ आणि ‘पाती’ अशी वेगळी करून ठेवलीत, तर जोडी कायमची तुटली. म्हणून कशालाही हात लावण्याआधी खणाचा वरून, मोजपट्टी ठेवून फोटो. मग खणाचे चौकोन पाडून प्रत्येक वस्तूची जागा. आणि त्यानंतरच वस्तू उचलायची.

माप मिलिमीटरमध्ये घ्या, शेजारी इंचातही लिहा, कारण करणाऱ्याने इंचातच विचार केला होता. स्क्रूंचे आटे जरूर मोजा. इंग्रज अभियंता व्हिटवर्थचे प्रमाणित आटे १८४१ नंतरचे. त्याआधी ज्याच्या त्याच्या कारखान्याचे टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, वेगळे असत. ५५ अंशांचा, प्रमाणित अंतराचा आटा वॉटच्या हत्यारावर दिसला, तर तो स्क्रू नंतर कोणीतरी बसवलेला असण्याची शक्यता मोठी. आयटीआयचा फिटर किंवा टर्नर हे एका नजरेत ओळखतो, म्हणून या क्षेत्रात त्याची खरी गरज आहे. नुसत्या इतिहासाच्या पदवीवर ही नजर येत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान उत्साहाने केलेल्या सफाईने होतं. दट्ट्याभोवती किंवा बेअरिंगमध्ये साचलेलं जुनं तेल हा पुरावा आहे. तो पुसायचा नाही. सुटी धूळ मऊ ब्रशने, व्हॅक्यूमच्या नळीला जाळी लावून काढा. प्लास्टरच्या साच्यांना पाणी दाखवू नका: डाग आत ओढले जातात, कडांचा भुगा होतो. धातूला नायट्राइल हातमोज्यांनीच हात लावा, नाहीतर घामातलं मीठ काही आठवड्यांत बोटांचे ठसे गंजाने उमटवतं. ओकच्या खणांतून आम्लाची वाफ सुटते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. शिशाच्या वस्तू आधी अलग करा. त्यांची जागा मात्र नोंदलेली असलीच पाहिजे.

हवेतला ओलावा हा तडजोडीचा मामला आहे. लोखंडाला ४० टक्क्यांखाली बरं, लाकूड-चामड्याला ५०च्या आसपास. मिश्र खोलीत ४५ च्या जवळ धरा. आकड्यापेक्षा चढउतार टाळणं महत्त्वाचं. बाटल्यांतली रसायनं उघडून वास घेऊ नका. त्या काळी पारा, शिसं, आर्सेनिक सर्रास वापरात होतं.

वस्तूवर क्रमांक थेट शाईने लिहायचा नाही. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ थर, त्यावर क्रमांक, वर पुन्हा थर, म्हणजे तो कधीही पुसता येतो.

आणि साच्यात प्लास्टर ओतून पाहायचा मोह आवरा. याच माळ्यावरच्या एका साच्याचं २०११ मध्ये त्रिमितीय स्कॅनिंग केलं, संगणकावर आत-बाहेर उलटवलं, आणि खुद्द वॉटचा चेहरा मिळाला. मूळ साच्यात थेंबही ओतावा लागला नाही.